वाऱ्याला विचारून वार्दो

नोकरीची ३१ वर्षं मी बंदरावर बावटे चढवले. कोकणातलं छोटंसं बंदर, एक खोली, एक वायरलेस आणि अंगणात एक उंच काठी. वेधशाळेचा निरोप आला की तीन नंबरचा बावटा लावायचा. लोक बावटा म्हणतात, पण दिवसा असतात ते काळे शंकू आणि पिंपं, रात्री तांबडे-पांढरे दिवे. यादी अकरा नंबरापर्यंत आहे. अकरावा म्हणजे ‘वेधशाळेशी संपर्कच तुटलाय’. तो लावायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

भाची ट्रॉम्सोला हवामानावर संशोधन करते. ‘मामा, एकदा याच, तुमच्यापेक्षा वाईट हवा दाखवते’ असं तिने तीनदा सांगितल्यावर आम्ही दोघं एप्रिलच्या मध्यावर नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याला, पार वार्दोपर्यंत, जाऊन आलो. लोक तिकडे ध्रुवीय प्रकाश बघायला जातात, आम्ही वारा बघायला गेलो. हिचं म्हणणं, वारा घरी फुकट मिळतो.

दिवस १ आणि २ : ट्रॉम्सो

विमानतळाबाहेर पडलो तर चैत्रातल्या रणरणत्या उन्हासारखं लख्ख ऊन आणि रस्त्याच्या कडेला माझ्या खांद्याला लागेल इतका बर्फ. भाचीला हे फारसं वाटत नव्हतं. २९ एप्रिल १९९७ ला या गावात २४० सेंटीमीटर बर्फ मोजला गेला, तो अजून इथला विक्रम आहे. म्हणजे आपल्याकडे आंबा पेटीत भरायच्या दिवसांत. इथला वसंत असा : दिवस रोज आठ-दहा मिनिटांनी लांबतो, रात्र पुरती काळी होतच नाही, आणि थंडी मात्र जायचं नाव घेत नाही.

जेवणं आटोपल्यावर भाचीने लॅपटॉपवर उपग्रहाचं एक चित्र दाखवलं. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रावर ढगांचा छोटासा भोवरा, मधोमध काळा ठिपका. मी म्हटलं, चक्रीवादळ. ती हसली. ‘ध्रुवीय आवर्त, मामा. तुमच्या चक्रीवादळाचं बुटकं भावंड.’ मग स्वयंपाकघरातच वर्ग भरला. आपल्या वादळाला २६-२७ अंशांचा समुद्र लागतो. इथला समुद्र जेमतेम ४ अंश. पण उत्तरेच्या बर्फावरून उणे वीसची हवा घसरत खाली आली की तिला तो ४ अंशांचा समुद्रही चुलीसारखा लागतो. खालून तापलेली हवा उसळते, फिरायला लागते, आणि काही तासांत दोन-चारशे किलोमीटरचं वादळ उभं राहतं. साधारण ऑक्टोबर ते मे हा मोसम. आयुष्य साधारण दिवसभराचं. किनाऱ्याला लागलं की जमिनीवर चुलीचा जाळच नाही, मग विझतं. उपग्रह येण्याआधी नकाशावर यांचा पत्ताच नसे, इतकी ती छोटी. कोळ्यांना मात्र ठाऊक होती. शांत समुद्रात अचानक भिंत यावी तशी येतात, असं ते सांगत.

‘आणि अंदाज?’ मी विचारलं. ‘येणार हे दोन दिवस आधी सांगता येतं. नेमकं कुठल्या गावावर, ते कधीकधी सहा तास आधीसुद्धा नाही.’ एवढ्या प्रामाणिकपणे सांगणारी वेधशाळा मला आवडली, कारण ती भाची होती.

तिने आम्हा दोघांच्या फोनवर ‘ईर’ हे अॅप टाकून दिलं. नॉर्वेची हवामान संस्था आणि तिथलं सरकारी रेडिओ-टीव्ही मिळून २००७ पासून ते चालवतात. ईर म्हणजे त्यांच्या भाषेत बुरबुर पाऊस. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : वारा ताशी किलोमीटरमध्ये नाही, सेकंदाला मीटरमध्ये असतो. १५ बघून ‘एवढंच?’ म्हणू नका, ते ताशी ५४ किलोमीटर झाले. ३.६ ने गुणलं की झालं. आणि ‘कूलिंग’ हा शब्द दिसला तर तो एसीचा नव्हे. छोटं कूलिंग, ताठ कूलिंग, जोरदार कूलिंग, मग छोटं वादळ, पुरं वादळ अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. जोरदार कूलिंग १७ मीटरला सुरू होतं. हिने त्या दिवसापासून घरातल्या माझ्या मूडलाही याच पायऱ्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला बोट.

दिवस ३ : किनाऱ्याची बोट

१८९३ पासून या किनाऱ्याने बोट जाते, आता तर रोज. परदेशी लोकांना ती क्रूझ वाटते, तिथल्यांना एसटी. डेकवर आमच्यासारखे दुर्बिणवाले, आणि खालच्या मजल्यावर पार्सलं, एक फ्रीज, कुणाची तरी स्नो-स्कूटर. मला आमच्या लहानपणची मुंबई-कोकण बोट आठवली. फरक एवढाच की इथं कोंबड्या नव्हत्या.

हॅमरफेस्ट पहाटे झोपेत गेलं. होनिंग्सवोगला तीन तास थांबा होता. तिथून नॉर्डकापच्या कड्यावर बस जाते. पण शेवटच्या टप्प्यावर वाऱ्याने रस्ता बंद होता. बसवाल्याने सांगितलं, पैसे परत मिळतील, आणि निघून गेला. कुणी हुज्जत घातली नाही. आमच्यातल्याच एका युरोपियन काकांनी ‘पण ऊन तर आहे!’ असं म्हणून पाहिलं. ऊन होतंच. शिवाय दर वीस मिनिटांनी बर्फाची सर येऊन सगळं पुसून जात होती आणि पुन्हा ऊन. श्रावणातल्या ऊन-पावसासारखा हा ऊन-बर्फाचा खेळ, फक्त सर अंगावर घेण्यासारखी नव्हे.

खरी मजा त्यानंतर. होनिंग्सवोगपर्यंत बोट बहुतेक बेटांच्या आडून, फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाड्यांच्या, कुशीतून जाते. पुढे नॉर्डकिनचं टोक ओलांडलं की डाव्या हाताला उत्तर ध्रुवापर्यंत जवळजवळ काहीच नाही. आडोसा संपला. संध्याकाळी पाचनंतर वाऱ्याने वायव्य धरली आणि लाटा साडेतीन मीटरच्या झाल्या. इथला आकडा म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी; म्हणजे अधूनमधून एखादी पाच-सहाची यायचीच. ही आवळासुपारी तोंडात धरून, डोळे मिटून, ‘रामरक्षा झाली की सांगते’ म्हणून आडवी झाली.

मी जेवणघरात एका बाईंसमोर बसलो होतो. सत्तरीच्या. हॅमरफेस्टच्या हॉस्पिटलात डोळे दाखवून बोट्सफ्योरला घरी चालल्या होत्या. विणकाम चालू. टेबलावरचा कप घसरत त्यांच्याकडे गेला की त्या न बघता सुईच्या मागच्या टोकाने तो माझ्याकडे परत ढकलायच्या. सात-आठदा तरी. त्यांनी डब्यातून लेफ्से काढलं. बटाट्याच्या पिठाची मऊ पोळी, आत लोणी आणि साखर. मी अर्धी हिच्यासाठी ठेवली. तिने एक डोळा उघडून खाल्ली आणि म्हणाली, ‘पुरण भरायचं विसरल्या वाटतं.’

रात्री दहाच्या सुमारास घोषणा : हवेमुळे बेर्लेवोगचा थांबा रद्द. मी कोट चढवून बाहेरच्या दारापर्यंत गेलो. संधिप्रकाशात गावचे दिवे दिसत होते, आणि त्यांच्यासमोर बंधाऱ्याची काळी रेघ. लाट आदळली की रेघेवर पांढरा पिसारा उठायचा आणि तीन-चार सेकंद तसाच उभा राहायचा. या बंधाऱ्यावर टेट्रापॉड आहेत, आपल्या मरिन ड्राइव्हला असतात तेच चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. आधीचे बंधारे समुद्राने पुन्हा पुन्हा फोडले. बोट धक्क्याला लागू शकत नसे, माणसांना लहान होडीतून नेत-आणत. बंधारा झाला तरी समुद्राचं मत विचारावंच लागतं.

‘बोट्सफ्योरही रद्द झालं तर?’ मी बाईंना विचारलं. त्यांनी विणकामाचे टाके मोजून झाल्यावर उत्तर दिलं. ‘मग शेवटच्या बंदरापर्यंत, शिर्केनेसपर्यंत झोपेन आणि उद्या परतीच्या बोटीने येईन.’ या हिवाळ्यात दोनदा झालं होतं म्हणे. रागाचा लवलेश नाही.

(बोटीने जाणार असाल तर : खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी घ्या. खिडकीचा मोह नको. या टप्प्यावर खिडकीतून फक्त पाणी दिसतं, एकदा वरचं आणि एकदा खालचं. आणि उतरल्यावरचं पुढचं बुकिंग त्याच दिवशीचं कधीही करू नका.)

दिवस ४ : वार्दो

पहाटे सव्वातीनला पोचायची बोट साडेचारला पोचली. बाई मध्येच कधीतरी बोट्सफ्योरला उतरल्या होत्या. त्यांच्या खुर्चीत लोकरीचा एक निळा तुकडा राहिला होता.

वार्दो हे नॉर्वेचं सर्वांत पूर्वेकडचं शहर. रेखांश ३१, म्हणजे इस्तंबूलच्याही पूर्वेला. त्यामुळे घड्याळ ऑस्लोचं असलं तरी सूर्य आपल्या वेळेला येतो : चारच्या आत. आम्ही उतरलो तेव्हा तो वर आलेला होता आणि बंदरातल्या पाण्यातून वाफ निघत होती. पाणी ३-४ अंश, हवा उणे आठ. थंड हवेत समुद्र चहासारखा वाफाळतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर बघितलं तरी पटायला वेळ लागला. याच अक्षांशाच्या आसपास अलास्काच्या किनाऱ्यावर एप्रिलमध्ये समुद्र गोठलेला असतो, त्यावरून लोक चालतात. इथं अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह बंदर वर्षभर मोकळं ठेवतो. आणि तोच प्रवाह त्या भोवऱ्यांची चूलही पेटवतो. एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं.

गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी दार उघडताना पहिलं वाक्य म्हटलं ते ‘या’ नव्हे, ‘परवा रात्री पुरं वादळ आहे’. दुसरं वाक्य बुटांबद्दल. बुटांना लावायचे काटे त्यांनी कोनाड्यातून काढून दिले. हे घरूनच घेऊन जा. गोठलेल्या उतारावर वाऱ्याचा धक्का बसला की माणूस उभ्याउभ्या सरकत जातो. मी सरकलो. ही पुढे चालत होती, तिला वाटलं मी मुद्दाम करतोय.

बंदरात होड्यांची गर्दी होती. मार्च-एप्रिलमध्ये लोडे नावाची छोटी चंदेरी मासळी अंडी घालायला फिनमार्कच्या, म्हणजे नॉर्वेच्या या उत्तर टोकाच्या भागाच्या, किनाऱ्याला येते आणि तिच्या मागे खादाड कॉड. तोच इथला वसंतातला हंगाम. एक म्हातारे कोळी जाळं नव्हे, दोऱ्याचे गळ टबात चक्राकार रचून ठेवत होते, आपल्याकडे चकलीचा साचा फिरवतात तसा हात फिरत होता. मोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. मी सांगितलं, आमच्याकडे पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ते म्हणाले, ‘बरं आहे. आम्हाला रोज ठरवावं लागतं.’ मग खिशातून फोन काढून दाखवला. आजचा समुद्र त्यांच्या लेखी चांगला किंवा वाईट नव्हता. तो सकाळी सहा ते अकरा होता. अकरानंतर नव्हता. एवढंच.

मला माझी काठी आठवली. आमचा बावटा दिवसभर, कधी तीन-तीन दिवस वर असायचा. तीन नंबर लागला आहे म्हटल्यावर कोळी आकाशाकडे बघायचा, आणि आकाश निळं दिसलं की माझ्याकडे. खूप वेळा तोच बरोबर ठरायचा.

दुपारी समुद्रकाठच्या कॉडच्या वळईजवळ गेलो. लाकडी खांबांचे उंच मांडव, त्यांना येल म्हणतात, आणि त्यावर शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने लटकवलेले डोकं नसलेले मासे. मीठ लावत नाहीत. फेब्रुवारी ते मे वाऱ्यावर सोडून देतात. फार गोठलं तर मांस फाटतं, फार ऊब आली तर माशा येतात. शून्याच्या अलीकडे-पलीकडे लोंबकळणारी ही हवाच ते सुकवते. आपल्या बोंबलांना कडक ऊन लागतं, यांना न धड थंडी, न धड ऊन. वास मात्र ओळखीचा. हिने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, ‘घरी आल्यासारखं वाटलं.’

तिथून पुढे चालत गेलो तर अगदी तसाच आणखी एक लाकडी मांडव, पण सव्वाशे मीटर लांब, आणि मासे एकही नाहीत. मधोमध कापडाचा लांबलचक कोश ताणून बसवलेला. हे स्टायल्नेसेचं स्मारक, २०११ चं. वास्तुरचना पीटर झुमथोर यांची, शेजारच्या काळ्या काचेच्या खोलीत शिल्पकार लुईस बुर्जुआ यांची जळती खुर्ची. सतराव्या शतकात फिनमार्कमध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून ज्यांना मारलं त्या ९१ जणांचं. ७७ बायका, १४ पुरुष. आत अरुंद फळ्यांची वाट, अंधार, आणि ९१ लहान खिडक्या. प्रत्येक खिडकीत एक दिवा आणि शेजारी रेशमी कापडावर त्या माणसाचं नाव, आरोप, शिक्षा. वाऱ्याने अख्खा कोश श्वास घेतल्यासारखा फुगत-बसत होता.

१६१७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी या किनाऱ्यावर अचानक वादळ आलं. दहा होड्या बुडाल्या, चाळीस माणसं गेली. एवढ्याशा वस्तीतले चाळीस. चार वर्षांनी खटले सुरू झाले आणि बायकांनी कबूल केलं, म्हणजे त्यांच्याकडून कबूल करवून घेतलं, की दोरीला गाठी मारून, त्या सोडून आम्हीच वारा उठवला. भाचीचं ते उपग्रहाचं चित्र माझ्या डोळ्यापुढे आलं. १६१७ चं ते वादळ त्या जातीचं होतं का, कोण सांगणार. पण शांत समुद्रात भिंतीसारखा वारा येतो, त्याला नकाशात नाव नसतं, मग नाव कुणाचं तरी लागतंच.

ही प्रत्येक खिडकीशी थांबून वाचत होती. मी मध्येच फळीवर बसलो. २००९ चं फयान आठवलं. नोव्हेंबर महिना. बऱ्याच होड्या आधीच खोल समुद्रात गेलेल्या. तिथून बावटा दिसणार कसा? मी दुपारी दोरी ओढून शंकू चढवत असताना एक म्हातारी धावत आली. मुलगा बाहेर होता. तिने माझा हात दोरीवरून ओढून काढला आणि ओरडली, ‘मेल्या, तू दोरी ओढतोस नि वारा येतो!’ मागे पाच-सहा माणसं उभी होती. कुणी हसलं नाही, कुणी तिला आवरलंही नाही. मुलगा तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच बंदरात सापडला, जिवंत. त्यानंतर ती दरवर्षी मला सोडे आणून द्यायची. त्या वाक्यावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही. हे मी हिलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या फळीवर बसून सांगितलं.

(स्मारक दिवसरात्र उघडं असतं, तिकीट नाही. निवांत वेळ काढून जा. आत गरम करायची सोय नाही. दोन मोजे घाला.)

दिवस ५ : होर्नोया

वार्दोच्या समोर होर्नोया बेट. दहा मिनिटांची होडी. वसंतात इथं कड्यांवर समुद्रपक्षी येऊन ठाण मांडतात : गिलेमोट, रेझरबिल, किटिवेक आणि ज्याच्यासाठी सगळे जातात तो लाल-पिवळ्या चोचीचा पफिन. सकाळी धक्क्यावर गेलो. खिडकीतल्या पाटीवर खडूने लिहिलं होतं : ‘१४–१७’, आणि पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह. एक वाजता प्रश्नचिन्ह पुसलं गेलं. पुसताना सतराचे सोळा झाले.

या दोन तासांबद्दल काय लिहू. कड्याखालच्या पायवाटेवर उभं राहिलं की आवाजाने कान भरतात, आणि डोक्यावर टोपी का हवी ते लगेच कळतं. गिलेमोट कड्याच्या बोटभर रुंद फळीवर लोकलच्या दारात उभे राहावेत तसे खेटून उभे होते. मध्येच बर्फाची सर आली. हजारो पक्ष्यांनी एकाच वेळी चोची वाऱ्याकडे केल्या. सर गेली, पाठींवर पांढरं पीठ शिंपडलेलं, आणि पुन्हा भांडणं सुरू. वाऱ्याची दिशा दाखवणारं इतकं अचूक यंत्र आमच्या बंदरावर नव्हतं. पफिन पाण्यावर तरंगत होते, एखादाच बेटावर उतरायचा आणि गवताच्या बर्फाने भरलेल्या बिळाशी गोंधळल्यासारखा उभा राहायचा. घर बंद, किल्ली हरवली.

पावणेचारला होडीवाला मुलगा वर आला आणि शब्द न बोलता पश्चिमेकडे बोट दाखवलं. क्षितिजावर शाईसारखी रेघ. सगळे गुपचूप खाली उतरले. धक्क्यावर लाटेने होडी वर आली की एकाने चढायचं, खाली गेली की थांबायचं. ही माझ्या आधी चढली, कोकणातली आहे.

दिवस ६ : पुरं वादळ

रात्री यायचं ते दुपारी आलं. अडीचला वारा ८ मीटर, चार वाजता २४. मी दर दहा मिनिटांनी आकडे वहीत मांडत होतो, जुनी खोड. खिडकीतून समोरचं घर दिसायचं बंद झालं. मग रस्त्यावरचा दिवा. मग खिडकीची बाहेरची चौकट. तापमान उणे दोनच होतं, पण त्या वाऱ्यात बाहेर पाऊल टाकल्यावर कपाळात खिळा ठोकल्यासारखं झालं. मालकीणबाईंनी दोनच नियम सांगितले : दार एकाने उघडायचं आणि दोघांनी धरायचं. आणि बाहेर जाण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी विमानं नाहीत, बोट वार्दोला न थांबता गेली, रस्ता बंद. गेस्टहाउसमध्ये आम्ही दोघं, पक्षी मोजायला आलेले दोन फिनिश तरुण आणि एक रस्ते खात्याचा इलेक्ट्रिशियन. बाईंनी रात्री बोक्नाफिस्क केला : आठवडा-दोन आठवडे वाऱ्यावर अर्धवट सुकवलेला कॉड, उकडलेला बटाटा, शिजवलेले वाटाणे, वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचं तूप. हिने चरबीऐवजी आपल्या डब्यातली लसणाची चटणी तेलात खलवून घातली. इलेक्ट्रिशियनने ‘थोडी’ म्हणून घेतली आणि मग वाटीच स्वतःकडे ओढली. फिनिश मुलं पाण्याकडे बघत राहिली. मासा कोवळ्या सुक्यासारखा, दातांना थोडा चिवट, आतून ओला. ताजाही नाही, सुकाही नाही. मला इथल्या वसंताचीच चव वाटली ती.

बाईंच्या वडिलांची गोष्ट तेव्हा निघाली. बर्फाळ वाऱ्यात समुद्राचे शिंतोडे होडीवर पडतात ते जागच्या जागी गोठतात. दोर मनगटाएवढे होतात, होडी वरच्या बाजूने जड होत जाते आणि एका लाटेला कलंडते. म्हणून पोरं लाकडी हातोडे घेऊन रात्रभर बर्फ फोडत. अजूनही अंदाजात वाऱ्याबरोबर ‘हिमलेपन’ वेगळं सांगतात. कोकणात वारा आणि पाणी एवढेच दोन शत्रू; इथं पाणीच दगड होऊन अंगावर बसतं.

रात्री दोनला जाग आली. शांतता. वारा ६ मीटर. आकाशात अर्धवट निळा उजेड, रस्त्यावर एक माणूस कुत्रा फिरवत होता.

दिवस ७ : दोमेनच्या पायथ्याशी

आम्हाला वाद्सोहून विमान होतं, वार्दोपासून साधारण ७५ किलोमीटर. रस्ता ई-७५. तो वार्दोला संपतो. दुसरं टोक ग्रीसच्या क्रीट बेटावर आहे. बेटावरून मुख्य भूमीवर समुद्राखालच्या बोगद्यातून जायचं, नॉर्वेतला असा हा पहिलाच. बोगद्यातून वर आलो तर आडवा दांडा आणि तांबडा दिवा. वादळ सरलं होतं, पण साचलेला बर्फ उघड्या माळावर वाऱ्याबरोबर वाहत होता, जमिनीलगत, पाण्यासारखा. अशा वेळी गाड्यांचा तांडा करून सोडतात. पुढे बर्फ सारणारा ट्रक, मागे सगळे.

‘कधी सुटेल?’ मी बस ड्रायव्हरला विचारलं. ‘तो आला की.’ थर्मासमधली कॉफी त्यांनी आम्हालाही दिली.

(स्वतः गाडी चालवणार असाल तर तांड्याचे नियम कडक असतात : टाकी भरलेली, गरम कपडे हाताशी, धोक्याचे दिवे चालू, पुढच्या गाडीचे दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत. थांबलात तरी खाली उतरायचं नाही. दोन पावलांवर गाडी दिसेनाशी होते.)

पाऊण तासाने पिवळा दिवा फिरवत ट्रक आला. अकरा गाड्या आणि आमची बस. दांडा वर गेला आणि आम्ही पांढऱ्यात शिरलो. रस्ता, आकाश, कडेच्या काठ्या, सगळं एक. फक्त पुढच्या गाडीचे दोन तांबडे ठिपके. डावीउजवीकडे कुठंतरी दोमेनचा डोंगर होता. चेटकिणी तिथं सैतानाला भेटायच्या, असं त्या खटल्यांच्या कबुल्यांमध्ये आहे. हिने काच हातमोज्याने पुसली.

‘डोंगर कुठाय?’

‘इथंच असणार.’

‘मला काही दिसत नाही.’

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. ‘तो क्वचितच दिसतो,’ म्हणाला.

किबर्गपाशी दुसरा दांडा. पलीकडे वार्दोला जाणाऱ्या गाड्यांची रांग इंजिनं चालू ठेवून उभी होती. पहिल्या गाडीत मागच्या सीटवर एक लहान मूल केळं खात होतं. ट्रक बाजूला झाला, आम्ही पुढे सरकलो. चालकाने दोन बोटं कपाळाला लावली, तिथल्या तिथे ट्रक वळवला आणि त्यांना घेऊन परत आत गेला.